तोंडासमोरची जागा

आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये मुलं गुणांप्रमाणे बसतात. घटक चाचणीचे पेपर वाटून झाले की वर्गशिक्षक क्रम वाचून दाखवतात आणि मुलं दप्तरं उचलून आपापल्या नव्या बाकावर जातात. पहिले येणाऱ्यांना फळ्यासमोरचा बाक, नापासांना दाराजवळचा शेवटचा. ही पद्धत कुणी सुरू केली ते कुणालाच सांगता येणार नाही. मी याच शाळेत शिकले, तेव्हाही ती होती. चाचणी झाली की गावात लोक गुण विचारत नाहीत. "लेकरू कितव्या बाकावर हाय?" एवढंच विचारतात.

माझी लेक आठवीत गेली तेव्हा मधल्या बाकावर होती. पहिल्या चाचणीनंतर मागे गेली. दुसऱ्या चाचणीनंतर शेवटच्या बाकावर गेली आणि तिथेच राहिली.

तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. पाचवीत असताना मोठा ताप आला होता, त्यानंतर हळूहळू लक्षात आलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी मशीन लावून दिलं. मशीन लावलं म्हणजे कान पूर्वीसारखे झाले, अशी लोकांची समजूत असते. तसं नसतं. मशीन सगळंच मोठं करतं. पंखा, बाकांचे पाय, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, मागच्या पोरांची कुजबुज, आणि त्या सगळ्यात कुठेतरी मास्तर. उरलेलं काम ती डोळ्यांनी करते. समोरच्याचे ओठ दिसले तर तिला जवळजवळ सगळं कळतं. ओठ दिसले नाहीत तर निम्मंही कळत नाही. घरी आम्हाला त्याची सवय झाली होती. मी चुलीपाशी बसून तिच्याशी बोलत नाही, आधी वळते, मग बोलते.

शेवटच्या बाकावरून तिला मास्तरांचे ओठ दिसत नव्हते. त्यामुळे गुण कमी पडत होते, आणि गुण कमी पडत होते म्हणून ती शेवटच्या बाकावर होती. यात समजायला अवघड काही नव्हतं. मी हेडमास्तरांकडे गेले.

हेडमास्तर माझ्याहून लहान, नव्यानेच आलेले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, पुढचा बाक मुलांना कमवावा लागतो. तेवढ्या एका गोष्टीसाठी ते अभ्यास करतात."

"सर, ते खरं हाय. पण ते कमवाले तिले ऐकू त आलं पाह्यजे."

"एकाला सूट दिली की उद्या दहा जण येतील. कुणाला चष्मा आहे, कुणाची उंची कमी आहे."

"मंग त्याइलेही बसवा पुढं."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला आणि मुख्य गोष्ट काढली. "ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अशा मुलांसाठी वेगळ्या निवासी शाळा आहेत. तिथे शिकवायची पद्धतच वेगळी असते. इथे ती मागे पडत चालली आहे. पुढे नववी-दहावी आहे. सहामाहीपर्यंत बघू. नाहीतर तुम्ही तिचा दाखला काढून तिकडे घाला, तिच्याच भल्यासाठी."

त्या शाळा चांगल्या असतील. पण तिथली मुलं हातांनी बोलतात, आणि माझ्या लेकीला ती भाषा येत नाही. ती तोंडाने बोलते, घरी तर जरा जास्तच बोलते. तिला तिचं गाव, तिच्या मैत्रिणी, तिची सायकल सोडून वसतिगृहात पाठवायचं, तेही एका बाकापायी, हे माझ्या डोक्यात बसेना. सहामाही तोंडावर आली होती. तोवर तिला पुढची जागा मिळाली नाही तर दाखल्याची गोष्ट पुन्हा निघणार होती, आणि तेव्हा हेडमास्तरांच्या हातात तिचे गुण असणार होते.

तालुक्याहून एक विशेष शिक्षिका अधूनमधून शाळेत यायच्या. स्कूटीवर सगळा तालुका फिरणारी बाई, एका शाळेत तासभर थांबली तरी खूप. त्यांनी लेकीला तपासलं आणि मला नीट समजावून सांगितलं. जागा पुढची हवी, पण अगदी कोपऱ्यातली नको. खिडकी शिक्षकाच्या पाठीशी नको, कारण मग चेहरा काळा दिसतो. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. हेडमास्तरांनाही त्यांनी हे सांगितलं. ते मान डोलवत राहिले. बाई गेल्या, लेक शेवटच्या बाकावरच राहिली.

पुढच्या वेळी त्या भेटल्या तेव्हा मी हे सांगितलं. हेल्मेट काढता काढता त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही ऑफिसात बोललात, मी ऑफिसात बोलले. ऑफिसात बोललेलं ऑफिसातच राहतं. पालकसभेत मांडा. मी येते सोबत."

पालकसभा शनिवारी होती. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही शेतात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतो. आमची जमीन थोडी, पण पाण्याखालची. सांभार, मेथी, वांगी, मिरची असा माल असतो आणि तो रोज पहाटे अकोल्याला जातो. मी नवऱ्याला सांगितलं की उद्या मी सभेत उठणार आहे.

त्याचे हात थांबले. "सभेत कायले? साऱ्या गावासमोर?"

"ऑफिसात सांगून झालं."

"अवं, आज लोकाइले एवढंच मालूम हाय का पोरीले जरासं कमी ऐकू येते. तू उद्या उभी राहून सारं सांगशीन. चार वर्षांनं पाहुणे येतीन तवा लोक पयले हेच सांगतीन त्याइले."

"पाहुणे येतीन तवा येतीन. सहामाही पुढच्या महिन्यात हाय."

त्याने पुढची जुडी उचलली. मग खरी अडचण सांगितली. "आन् पुढच्या बाकावर कोनाची पोरगी बसते ते मालूम हाय ना तुले?"

मला माहीत होतं. पहिल्या बाकावर शेजारच्या शेतवाल्याची मुलगी बसायची. ती पाचवीपासून कधी दुसरी आली नव्हती. आणि शेजाऱ्याचा टेम्पो होता. आमचा सगळा माल त्याच्याच टेम्पोत जायचा.

"तिले उठवा असं मी म्हनून नाई राह्यली," मी म्हणाले.

"तो तसंच समजन."

"समजू द्या."

नवरा जुडीचा दोरा दातांनी तोडत म्हणाला, "तुले बोलाचं त बोल. मी नाई बोलत." मीही त्याला बोल असं म्हटलं नव्हतं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, वर सगळे पंखे चालू. सतरंजीवर बसल्या बसल्या मी दाराकडे पाहत होते. विशेष शिक्षिका येणार होत्या. सभा सुरू होता होता त्यांचा फोन आला. तालुक्याला अचानक बैठक लावली होती, निघता येत नव्हतं. "तुम्ही बोला ताई, तुम्हाला सगळं माहीत आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माहीत होतं हे खरं, पण एका सरकारी माणसाने ते म्हणणं आणि सांभार विकणाऱ्या बाईने म्हणणं यात गावात फरक पडतो.

हेडमास्तरांनी आधी पाण्याच्या टाकीचं सांगितलं, मग गणवेशाचं, मग दहावीच्या निकालाचं. शेवटी "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कागद आवरायला लागले. मी उठले.

घरून मुद्दे पाठ करून आले होते. लेकीला किती ऐकू येतं, मशीनने काय होतं, काय होत नाही, तिला कुठली जागा हवी आणि का. भरभर सांगितलं, आवाज चढू दिला नाही. बायांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. "अवं बाई, एवढं?" असं कुणीतरी म्हणालंच. मी तिकडे पाहिलं नाही.

पहिला उठला टेम्पोवाला. मला अपेक्षा होतीच.

"वहिनी, तुमचं दुख समजते मले. पण माही पोरगी दिवे लावणीपासून अभ्यासाले बसते. तिनं कमावलेली जागा हाय ते. तुमच्या पोरीसाठी तिनं काहून मांगं जा?"

"तिले मांगं जा असं कोनी म्हटलं, भाऊजी?"

"मंग बाक काय रबरचा हाय का? तानला का लांबला?"

पुरुषांच्या बाजूला हशा झाला. मागून एक बाई म्हणाली, "मंग माहं पोट्टं बुटकं हाय, त्यालेही बसवा पुढं!" आणखी हशा. अशा हशात बाजू हातची जाते, हे मला गावच्या सभांवरून माहीत आहे. एकदा लोक हसायला लागले की ते तुमचं ऐकत नाहीत, पुढचा विनोद कुणाचा याची वाट पाहतात.

हेडमास्तरांनी हात वर करून शांत केलं आणि तोडगा काढला. "आपण असं करू. सहामाहीत तिने चांगले गुण मिळवून दाखवावेत. मग दुसऱ्या सत्रात तिला पुढे बसवायला कुणाची हरकत राहणार नाही."

बऱ्याच माना डोलल्या. ऐकायला ते न्यायाचं वाटत होतं.

"सर," मी म्हणाले, "तुमाले चष्मा हाय. डॉक्टर तुमाले म्हनला का, आधी बिनचष्म्याचं वाचून दाखवा, मंग चष्मा देतो?"

यावर कुणी हसलं नाही. हेडमास्तरांनी चष्म्याला हात लावला आणि हात मागे घेतला. वर्गशिक्षक बाजूच्या खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "ताई, जागेचं एक वेळ ठीक आहे. पण फळ्यावर लिहिताना मी तोंड कुठे करू? पाठीला तोंड नाही मला." पुन्हा हशा. टेम्पोवाला सगळ्यात मोठ्याने हसला.

माझे मुद्दे संपले होते. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. आता ते "विचार करू" म्हणणार आणि सभा संपणार. तसं झालं असतं तर सहामाही शेवटच्या बाकावरूनच झाली असती. मी बसले नाही, उभीच राहिले. दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने नवऱ्याचा आवाज आला. तो उठला नव्हता, बसल्या बसल्याच टेम्पोवाल्याशी बोलत होता. दोघं बांधावर बोलतात तसं.

"भाऊ, एक सांग. अकोल्याले हर्रासीत तू कुठी उभा राह्यतं?"

टेम्पोवाला गोंधळला. "कुठी म्हंजे? दलालासमोर."

"मांगं काहून नाई राह्यत?"

"मांगून काय ऐकू येते डोंबलं त्या कल्ल्यात? त्याचं तोंड पाहा लागते, बोटं पाहा लागते. नाईत माल कवा गेला, केवढ्यात गेला, पत्ता नाई लागत."

"तुहे कान त चांगले हायेत."

"मंग? कान काय करतीन तिथी?"

"माही पोरगी रोजच हर्रासीत बसते," नवरा म्हणाला. "आन् दलाल पाठ करून बोलते."

हॉलमध्ये भाजीवाले बरेच होते. अकोल्याच्या मार्केटात पहाटे लिलावाला काय गोंधळ असतो, दलालाच्या तोंडासमोरची जागा धरायला किती रेटारेटी होते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक म्हातारा शेतकरी टेम्पोवाल्याला म्हणाला, "तू त मले कोपर मारून पुढं घुसतं रे. परवाच मारलं." दुसरा म्हणाला, "याले मांगं उभा करा एक दिवस. सारी वांगी फुकट देऊन येईन." आता हशा टेम्पोवाल्यावर होता. तो लाल झाला आणि खाली बसला.

मला जरा रागच आला. मी इतके दिवस वाचून, विचारून, पाठ करून आले होते, आणि काम झालं ते सांभाराच्या हर्रासीवर. पण रागावायला वेळ नव्हता. हशा थांबायच्या आत मी हेडमास्तरांकडे वळले. "सर, पुढच्या बाकावर दोघीच्या जागी तीन पोरी बसतीन. कोनी उठनार नाई. माही पोरगी मधात. चाचणीत काहीबी येवो, तिची जागा तेच. सोमवारपासून. हो का नाई, ते आताच सांगा."

हेडमास्तरांनी लोकांकडे पाहिलं. लोक त्यांच्याकडे पाहत होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "सोमवारपासून." वर्गशिक्षकांकडे वळून म्हणाले, "आणि सर, आधी लिहा, मग वळून बोला. जमेल ना?" वर्गशिक्षकांनी खांदे उडवले. नाही म्हणायची ती जागा नव्हती.

घरी जाताना मी नवऱ्याला म्हटलं, "तुमी बोलनार नव्हते ना?"

"मी कुठी बोललो? मी त त्याले हर्रासीचं विचारलं."

सोमवारी पहाटे टेम्पो आमच्या शेताशी थांबला नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला क्रेट मांडून उभे होतो. दिवे दिसले, जवळ आले आणि निघून गेले. नवऱ्याने पोती आणली. माल पोत्यांत भरला, मोटरसायकलवर मेडशीच्या स्टँडवर नेला आणि एसटीत चढवला. कंडक्टर कुरकुरला. ओल्या सांभाराचं पाणी सीटखाली सांडत होतं. हर्रासीला पोचेपर्यंत निम्मं मार्केट उठलेलं असायचं आणि मिळेल त्या भावात माल टाकून यावं लागायचं. असं बरेच दिवस चाललं. मग एका पहाटे टेम्पो थांबला, हॉर्न वाजला. टेम्पोवाला उतरला नाही, बोलला नाही. नवऱ्याने क्रेट चढवले. टेम्पोवाल्याची मुलगी मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या लेकीशेजारी बसत होती आणि बहुतेक दोघींचं बरं चाललं होतं, कारण त्या दोघींना वर्गात बोलल्याबद्दल एकदा बाहेर उभं केलं होतं. ते ऐकून मला वाईट वाटलं नाही.

सहामाहीत लेक वर्गात पहिली वगैरे आली नाही. मधल्या मुलांमध्ये आली, गणितात जरा वर. दाखल्याचं नाव कुणी काढलं नाही. मला एवढंच हवं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी शाळेतून निरोप आला. दोघांनीही या. नवरा म्हणाला, "आता काय झालं बाप्पा?" आम्ही गेलो. हेडमास्तरांच्या ऑफिसात विज्ञानाचे सर बसले होते. लेकीला बाहेर व्हरांड्यात उभं केलं होतं. खिडकीतून ती दिसत होती.

हेडमास्तर म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीबद्दल सरांची तक्रार आहे. ती वर्गात सरांना टोकते. उद्धटपणा वाढला आहे."

"काय म्हनते?" मी विचारलं.

विज्ञानाचे सर म्हणाले, "मी शिकवत असतो आणि ही मध्येच हात वर करते. 'सर, इकडं पाहून बोला.' सगळ्या वर्गासमोर. पोरं हसतात."

"'सर' म्हनते ना?"

"म्हणते."

"मंग उद्धट कायचं?"

"अहो, एकदा म्हणाली तर ठीक. एका तासात किती वेळा म्हणावं तिने?"

"जितक्या वेळा तुमी फळ्याकडं तोंड कराल तितक्या वेळा."

नवरा खाली पाहत होता. तो हसू दाबतोय हे मला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. हेडमास्तरांनी सरांकडे पाहिलं. सरांना हे आवडलं नव्हतं. त्यांची वीस वर्षांची सवय होती, लिहिता लिहिता बोलायची, आणि आठवीतल्या एका पोरीने ती मोडायला सांगावी हे त्यांना अपमानासारखं वाटत होतं. तेही मला कळत होतं. पण त्यांच्या अपमानाची आणि लेकीच्या विज्ञानाची एकाच वेळी काळजी घेणं मला शक्य नव्हतं.

"सर," मी जरा हळू म्हणाले, "ती घरीही असंच करते. मी चुलीकडं तोंड करून बोलले त मलेही टोकते. तुमी एवढं मनावर नका घेऊ. फक्त वळा."

सर उठले. दाराकडे जाताना काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. हेडमास्तर म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी." आम्ही बाहेर आलो.

लेकही सोबत निघाली. रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "आई, तू सरांना चांगलं म्हटलं. जितक्या वेळा फळ्याकडं, ते."

"तुले कसं मालूम?"

"खिडकीतून दिसलं ना. तुमचे सगळ्यांचे तोंड दिसत होते." मग माझा हात ओढून तिने मला आपल्याकडे वळवलं. "पण विज्ञानाचे सर शेवटी काय म्हणाले ते नाई कळलं. त्याइनं पाठ फिरवली होती."

"'पाहतो' म्हनले."

"पाहतो म्हंजे?"

"म्हंजे पुढच्या हप्त्यात आपल्याले परत या लागन," मी म्हणाले, आणि आम्ही तिघं शेताकडे निघालो. मिरची तोडायची राहिली होती.